गार खोलीची भिंत

शालनचं पत्र आलं तेव्हा वहिनींना जाऊन दोन महिने झाले होते. आंतर्देशीय पत्र होतं. हल्ली कोणी पत्र लिहीत नाही, पण फोन कानाला लावला की काका नुसते 'हो, हो' म्हणतात आणि ठेवून देतात, हे तिला ठाऊक होतं. खुशाली दोन ओळींत उरकली होती. खाली लिहिलं होतं :

'काका, एकच विचारायचं आहे. त्या हिवाळ्यात बाबांनी एकदा तरी माझं नाव काढलं का? आईला विचारीन विचारीन म्हणता राहून गेलं. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते.'

शालन माझी पुतणी, दादाची एकुलती एक मुलगी. दादा तेव्हा हयात होता, भिंतीपलीकडे खोकत होता. मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो. 'चि. शालनला अनेक आशीर्वाद' लिहिलं आणि पुढे 'नाही' लिहिलं. उत्तर तेवढंच होतं. मग वाटलं, एवढंच खरं आहे का? पुढे काही लिहावं तर जे लिहिणार होतो त्याची मला खात्री नव्हती. कागद एका पुस्तकात ठेवून दिला. सहा वर्षं तो तिथेच होता. कोणत्या पुस्तकात, ते मी कधी विसरलो नाही.

तिने विचारलेला हिवाळा सत्याऐंशी सालचा. माझ्यापुरती त्याची सुरुवात वहिनींनी माझी खिडकी मोजली तिथून झाली.

गावातल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. दुपारी कुलूप लावून जेवायला घरी आलो, तर माझ्या मागच्या खोलीत वहिनी उभ्या. हातात सुतळी. सुतळीचं एक टोक त्यांनी खिडकीच्या चौकटीला अंगठ्याने दाबून धरलं होतं आणि दुसरं टोक ताणून पाहत होत्या.

"काय करताय वहिनी?"

"काही नाही. बघत होते." सुतळी पदराआड गेली. "भाऊजी, ही खोली फार गार हो."

"गार खोलीच आहे ती."

"पण माणसानं राहायचं म्हटलं तर?"

"इथे कोणी राहत नाही."

"म्हणून म्हणते. म्हटलं तर." आणि जाताना दारातून वळून त्या म्हणाल्या, "दिवाण तेवढा चांगला आहे."

आमचं घर महाबळेश्वरात, बाजारापासून जरा आत, जांभ्या दगडाचं. वडील मधाचा व्यापार करायचे. उत्तरेच्या या खोलीत दिवाळीपासून होळीपर्यंत उन्हाचा कवडसा येत नसे. वडील तिथे मधाचे डबे ठेवायचे. थंडीत तो मध थिजलेल्या तुपासारखा घट्ट व्हायचा आणि उलथन्याने खरवडावा लागायचा. म्हणून ती गार खोली. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. दादाला पुढच्या चार खोल्या, मला मागच्या दोन. एकीत मी राहत होतो, दुसरी ही. वडिलांचा सागवानी दिवाण गार खोलीच्या दारातून बाहेर निघत नव्हता, त्यामुळे तोही खोलीबरोबर माझ्याकडे आला. "लेखी असलेलं बरं," म्हणून दादाने सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं. माझी गार खोली आणि त्याची न्हाणी यांच्यामधली भिंत सामाईक, हेसुद्धा.

मी एकटा माणूस. लग्न झालं नाही, त्याची कारणं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी आज आहे. उद्या म्हातारपणी जे उरणार ते या दोन खोल्या आणि त्यातली पुस्तकं. आणि तेव्हा आमच्या आळीत जो तो पाहुण्यांना भाड्याने खोल्या द्यायला लागला होता. आदल्या वर्षी दादा एकदा म्हणालाही होता, "तुझी ती खोली नुसती रिकामी पडलीय." त्यामुळे सुतळी पाहिल्यावर मला सगळं कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं.

वाचनालयात रोज सकाळी बर्गे येत. कोर्टात बेलिफ होते, निवृत्त झालेले. वर्तमानपत्राचा पहिला वाचक आपण असावं असा त्यांचा आग्रह असे. मी सहज विषय काढल्यासारखा काढला.

"सुतळी?" त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "सदाभाऊ, आधी सुतळी येते, मग टेप येतो, मग माणूस येतो."

"आमच्या वहिनी तशा नाहीत."

"मी जन्मभर जप्तीला गेलो. ज्यांच्या दारात गेलो ते सगळे हेच सांगायचे. आमची वहिनी तशी नाही, आमचा भाऊ तसा नाही."

"मग काय करावं माणसानं?"

"वापरा ती खोली. तुमचं सामान घाला, तिथे बसा, तिथे झोपा. वहिवाट दिसली पाहिजे. उद्या कोणी म्हणालं की ही खोली आमच्या वापरात आहे, तर तुम्ही काय दाखवणार? फाटक्या छत्र्या?"

गार खोलीत खरोखरच छत्र्या होत्या. हे त्यांना कसं ठाऊक, याचाही मला थोडा संशय आला.

त्या रविवारी मी छत्र्या बाहेर काढल्या आणि पुस्तकं आत न्यायला लागलो. पण त्या खोलीत अर्धा तास बसलं की बोटं आखडायची, पानं उलटता येत नसत. वहिवाट करायची तर तिथे माणसाला बसता आलं पाहिजे. म्हणून खोली गरम करणं आलं. उत्तरेच्या भिंतीला मी जमिनीपासून तुळईपर्यंत पुस्तकं लावली, एकामागे एक अशा दोन रांगा. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. दाराखाली पोत्याची गुंडाळी. पावसाळ्याआधी आमच्याकडे घरांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधतात, घर अंगभर गवतात गुंडाळतात, आणि दसऱ्यानंतर सोडवतात. माझ्या झड्या पडवीत पडलेल्या होत्या. त्या मी डिसेंबरात पुन्हा बांधल्या. रस्त्याने जाणारा दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "काय सदाभाऊ, पाऊस कधीचा धरलाय?"

सगळ्यात खटकलं ते वहिनींचं वागणं. त्यांना राग यायला हवा होता. त्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसायच्या आणि माझं काम बघायच्या.

"छान करताय भाऊजी. ती वरची फट राहिली बघा."

फट राहिली होती. मी ती बुजवली, पण मनात आलं, ही बाई माझ्याच हातून खोली तयार करून घेतेय.

दुसऱ्या दिवशी खिडकीला एक गोधडी टांगलेली दिसली. जाड, दुहेरी, खिडकीच्या बरोबर मापाची. म्हणजे सुतळी यासाठी होती. मी ती काढली, घडी केली आणि पुढच्या दारी नेऊन दिली.

"अहो, राहू द्या की."

"माझ्याकडे पांघरुणं आहेत."

"पांघरायला नाही, खिडकीला."

"नको. तुमची वस्तू माझ्या खोलीत नको."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या कपाळावर काहीतरी लिहिलंय. संध्याकाळी गोधडी पुन्हा खिडकीला. मी पुन्हा नेऊन दिली. तिसऱ्यांदा टांगली तेव्हा मी ती तशीच राहू दिली, कारण त्या रात्री वारा फार होता. पण 'ही गोधडी पुढच्या घरची' अशी तारखेसह नोंद डायरीत करून ठेवली.

आणि मग भिंतीतला आवाज सुरू झाला.

दुपारी जेवून मी दिवाणावर वाचत पडलो होतो. दिवाण सामाईक भिंतीला लागून. पाठीमागून आवाज आला. टक टक, मग खरवडल्यासारखं, मग पुन्हा टक टक. मी खोकलो. आवाज थांबला. श्वास धरून पडलो तर पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तसंच. मागे जाऊन पाहिलं तर न्हाणीच्या मोरीतून तांबडं पाणी वाहत होतं. जांभा फोडला की येतो तसा रंग. भिंत फोडत होते. बर्गे म्हणाले होते आधी सुतळी, मग टेप. टेप वगळून थेट पहारच आली होती.

दादाशी बोलायला मला लहानपणापासून भीती वाटते. मनात वाक्यं जुळवून मी न्हाणीच्या दारात गेलो. तो उकिडवा बसला होता. गुडघ्यापर्यंत तांबडी धूळ, हातात छिन्नी. मला पाहून त्याने न्हाणीचं दार अर्धं लोटलं.

"काय चाललंय दादा?"

"चुलाणं हलवतोय. पाणी तापवताना धूर कोंडतो."

"ते नेमकं ह्याच भिंतीला?"

"मग काय बाजारात नेऊन लावू?"

"भिंत सामाईक आहे. कागदावर आहे."

"कागद मी लिहिलाय." त्याने छिन्नीवरची धूळ फुंकली. "तुझ्या बाजूचा पोपडा पडला तर सांग. माझ्या बाजूला डोकावू नकोस."

मी परत आलो आणि दिवाण पुढे ओढून भिंतीवर पेन्सिलने एक आडवी रेघ मारली. रेघ फुटली, वाकली की कळेल. रोज सकाळी आणि रात्री रेघ बघायची सवय लागली. रेघ जागच्या जागी होती. दहा-बारा दिवसांनी आवाज बंद झाला. तेवढ्याने मन शांत व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, जे करायचं ते करून झालं.

नाताळच्या सुमारास एक गोष्ट घडली. त्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात वडिलांच्या वेळची मधाची एक बाटली मी ठेवलेली असे, खाण्यासाठी नव्हे, आठवण म्हणून. दर थंडीत तो मध दगडासारखा घट्ट. एका सकाळी पुस्तक घेताना बाटलीला धक्का लागला आणि आतला मध हलला. बाटली आडवी केली. मध एका बाजूला सावकाश ओघळला.

मी बराच वेळ विचार केला. त्या खोलीत डिसेंबरात मध पातळ झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हा ही ती बाटली नव्हेच. कोणीतरी माझ्यामागे खोलीत आलं होतं, त्यांच्या हातून जुनी बाटली फुटली असणार आणि त्यांनी दुसरी आणून ठेवली. दुसरं स्पष्टीकरण मला सुचलं नाही. बाजारात जाऊन मी पितळी कुलूप आणलं आणि गार खोलीला लावलं. किल्ली जानव्याला.

दोन दिवसांनी वहिनी वाचनालयात आल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. अंगावर शाल, पायात स्वयंपाकघरातल्या चपला. बर्गे वर्तमानपत्रामागे होते.

"भाऊजी, किल्ली द्या."

"कसली?"

"कसली म्हणजे?"

मी टेबलावरच्या पुस्तकांचे कोपरे जुळवले. "कोणाला ठेवणार आहात त्या खोलीत? पाहुण्यांना?"

"शालनला."

हे नाव त्या घरात तीन वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं. शालनने पाचगणीच्या एका शाळेतल्या व्यायामशिक्षकाशी रजिस्टर लग्न केलं होतं. सॅम्युअल साळवे. माणूस शांत, आदबशीर. पण लग्नानंतर दोघं नमस्काराला आली तेव्हा दादा उंबऱ्यात उभा राहिला आणि वडिलांच्या तसबिरीकडे हात करून म्हणाला, "ह्यांची शपथ. माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही." दोघं मागे फिरली. त्यांना राहायला पत्र्याची एक खोली होती. आदल्या पावसाळ्यात त्यांचं पहिलं मूल त्या खोलीतल्या गारठ्याने गेलं. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा दादा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं नाही, एवढंच मला आठवतं.

"तिला नववा लागलाय," वहिनी म्हणाल्या. "तीच खोली, तोच पत्रा. ह्या थंडीत तिथे दुसरं ठेवायचं का?"

"पण दादा?"

"त्यांची शपथ त्यांच्या घराची. तुमची खोली त्यांच्या घरात येते का? तुम्हीच सांगा. तुमच्याकडे कागद आहे."

वाटणीचा तो कागद मी कितीदा वाचला होता. असा कधी वाचला नव्हता.

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असता. होळी आली असती." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि तुमच्या तोंडावर सगळं दिसतं हो. ह्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. मी नुसती खिडकी मोजत होते. तुम्ही आपणहून पुस्तकं, झड्या, सगळं सुरू केलंत. म्हटलं, करू द्या."

"मला वाटलं तुम्ही खोली घेणार."

"घेतेच आहे की. दीड महिना."

"दादाला ठाऊक नाही?"

"ठाऊक असतं तर चुलाण्याच्या आधी मला हलवलं असतं. त्यांना त्यांच्या धुराचं पडलंय."

मी सदऱ्यात हात घालून जानव्याची गाठ सोडवू लागलो. ती काही सुटेना. वहिनी हात पुढे करून थांबल्या होत्या. त्या गेल्यावर वर्तमानपत्रामागून आवाज आला, "दिलीत?"

"दिली."

"हं," बर्गे म्हणाले. "जप्तीत असं कधी पाहिलं नाही." आणि त्यांनी पान उलटलं.

शालन आली ती मागच्या दाराने. सॅम्युअलने ट्रंक आत ठेवली, माझ्या पाया पडला आणि बोलण्यासारखं काही न सुचून पुस्तकांकडे बघत राहिला. त्याबाबतीत आमचं जमण्यासारखं होतं. शालन दिवाणावर बसली, पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकली. चेहरा सुकलेला, हात बर्फासारखे. जरा वेळाने म्हणाली,

"काका, भिंत गरम आहे."

"पुस्तकांमुळे," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं आणि थोडा अभिमानही होता.

"पुस्तकं तिकडं आहेत," ती म्हणाली आणि हसली. त्या घरात ती किती दिवसांनी हसली होती. मीही हसलो आणि विषय तिथेच राहिला.

मूल सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी. चौथ्या दिवशी दोघींना खोलीवर आणलं. त्याच आठवड्यात वेण्णा तलावाकाठी दव गोठलं आणि पाहुणे पहाटे उठून ते बघायला जाऊ लागले. गार खोलीत मात्र बाळाच्या टाळूला घाम यायचा. वहिनी दिवसातून चारदा मागच्या अंगणातून ये-जा करत. पुढच्या घरातून एक दार आमच्या बाजूला उघडतं, ते दादाने आतून कडी लावून बंद केलं होतं. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. बाळ रडलं की भिंतीपलीकडची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. जवळ सरकली की लांब, ते आवाजावरून कळत नाही.

एक गोष्ट मला बोचत होती. पुढच्या न्हाणीतलं चुलाणं आता दिवसभर पेटलेलं असे. सकाळी आंघोळीच्या वेळी ठीक. पण दुपारी, पुन्हा दिवेलागणीला. वहिनी कुरकुरत. "ह्यांना काय झालंय कळत नाही. हंडाभर पाणी तापवतात आणि ओतून देतात. आंघोळ एकदाच. लाकडं बघा कशी संपतायत."

मला निराळीच शंका आली. धूर. बोलता येत नाही म्हणून हा माणूस धुराने त्यांना बाहेर काढू बघतोय. मी रोज दुपारी घरी आल्यावर भिंतीजवळ नाक नेऊन वास घ्यायचो. शालन म्हणायची, "काका, काय हुंगताय?" धुराचा वास कधी आला नाही. तरी मी कोनाड्याच्या कडेला ओलं फडकं लावलं.

एकदा धीर करून मागे गेलो. दादा लाकडं फोडत होता. त्याला दम लागला होता.

"दुपारचं पाणी?" मी विचारलं.

"अंग दुखतं. शेकतो."

"एवढं?"

"तुझी लाकडं जाळतोय का मी?"

त्याने कुऱ्हाड पुन्हा उचलली, मी परत आलो. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं बोललो ते या दोन वेळा, एवढंच. त्यात तिचं नाव नव्हतं, बाळाचं नव्हतं.

ऊन कलून खिडकीत येऊ लागलं तेव्हा सॅम्युअल दोघींना न्यायला आला. शालन जाताना अंगणात थांबली. पुढच्या घराचं दार बंद होतं. तिने बाळाचं टोपडं सारखं केलं, जरा वेळ वाट पाहिली आणि गेली. त्या दुपारी मी जेवायला आलो तेव्हा न्हाणीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. हे मी पाहिलं. पण मी पुस्तकं वाचणारा माणूस. दोन ओळींच्या मध्ये लेखकाने न लिहिलेलं वाचायची मला खोड आहे. थंडी संपली होती, लाकडं संपली होती, अंगदुखी थांबली असेल. काहीही असेल.

वहिनी होत्या तोवर दादाने शपथ मोडली नाही. वहिनींच्या दिवसांना शालन पुढच्या दाराने आत आली तेव्हा तो नुसतं "बस" म्हणाला. ती बसली. त्यानंतर दोन महिन्यांनी ते पत्र आलं आणि मी 'नाही' या शब्दापाशी अडकलो. दादा यंदा चैत्रात गेला. शालन आली, दहावं-तेरावं करून गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, पण पत्राचं विचारलं नाही. मीही तो कागद काढला नाही.

पावसाळ्यात पुढच्या न्हाणीचं छप्पर बसलं. दसऱ्यानंतर मी गवंडी बोलावला. जुनं चुलाणं काढून टाक, म्हणून सांगितलं आणि आत येऊन वाचत बसलो. थोड्या वेळाने त्याची हाक आली.

"सदाकाका, जरा इकडं या. ही भिंत कोणी पोखरलीय?"

चुलाण्याच्या मागचा दगड निघाला होता. त्यामागे भिंतीत एक पोकळी होती. मला आधी वाटलं एखादं भोक असेल. गवंड्याने बॅटरी धरली. भोक नव्हतं. चुलाण्याच्या तोंडापासून निघून भिंतीच्या आतून आडवी गेलेली एक लांबलचक पन्हळ होती, हातभर उंचीची, पलीकडच्या टोकाला वर वळून धुराड्याला मिळालेली. आतून काजळीने काळीकुट्ट. ती उकलू नये, धूर पलीकडे झिरपू नये म्हणून तिला सगळीकडून पत्रा लावला होता. डबे कापून, ठोकून सपाट केलेला पत्रा. एका ठिकाणी काजळी पुसली तर वडिलांच्या दुकानाचा छाप दिसला. मधाचे डबे.

"माझ्या बाजूला भिंत किती उरलीय?" मी विचारलं.

त्याने आत हात घालून अंदाज घेतला. "चार बोटं. नीट बघून केलंय. आणि नुसता धूर काढायला कोणी एवढं करत नाही हो. हे पलीकडे ऊब जायला केलंय. पलीकडे काय आहे?"

मी माझ्या बाजूला आलो. दिवाण पुढे ओढला. भिंतीवरची पेन्सिलची रेघ अजून होती, पुसट. गवंड्याला पलीकडून पन्हळीच्या वरच्या कडेवर ठोकायला सांगितलं. आवाज रेघेच्या थोडा खाली आला. खालची कडा दिवाणाच्या फळीला. डावं टोक उशाला, उजवं पायथ्याला. दिवाणावर पाठ टेकून बसलेल्या माणसाची पाठ आणि निजलेलं मूल, दोन्ही त्या पन्हळीच्या मापात बसत होतं.

छिन्नीचा आवाज मी ऐकला तेव्हा शालन येणार हे मला ठाऊक नव्हतं. वहिनींना वाटत होतं, ते फक्त त्यांना ठाऊक आहे. किल्ली द्यायच्या कितीतरी आधी, दार अर्धं लोटून, तो तिथे उकिडवा बसला होता.

"बुजवू का?" गवंड्याने दारातून विचारलं.

"नको. आज राहू दे."

तो गेल्यावर मी पुस्तकातून कागद काढला. 'चि. शालनला अनेक आशीर्वाद. नाही.' शाई फिकी झाली होती. नवा कागद घ्यावा का, असा विचार थोडा वेळ केला. मग त्याच कागदावर पुढे लिहिलं :

'त्याने नाव काढलं नाही. पण तू भिंतीला पाठ लावून म्हणाली होतीस, पुस्तकं तिकडं आहेत. तुझं बरोबर होतं. मी काय सापडलं ते लिहीत नाही, मला नीट लिहिता येणार नाही. न्हाणीची भिंत उघडी ठेवली आहे. पोरीला घेऊन ये आणि बघ. पुढच्या दाराने ये.'

पोस्टात गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, "पेटीत टाका आजोबा, आत्ता डाक जायची आहे." मी पत्ता पुन्हा एकदा वाचला, पिनकोड ताडून पाहिला आणि पाकीट फटीतून सोडलं. मग बोटं आत घालून चाचपलं. पाकीट अडकलेलं नव्हतं. खाली पडलं होतं.